जलपरी बोलते, हीच अडचण

किशोरवयीन मुलींसाठी काढलेल्या चित्रपटांचा विषय निघाला की आपल्याकडची जाणती माणसं ठरलेली दोन-तीन वाक्यं काढतात. नुसता साखरेचा पाक. मुलींच्या डोक्यात नाही नाही ते खूळ. तेवढ्या वेळात चार पानं वाचून झाली असती. आईवडील हे काळजीपोटी म्हणतात, शिक्षक सवयीनं म्हणतात आणि चित्रपटांवर लिहिणारे एका परिच्छेदात विषय उरकून मोकळे होतात. तिघांचा मूळ आरोप एकच: परी, जादू, देखणा मुलगा आणि गोड शेवट एवढ्या भांडवलावर चालणारी ही प्रेमकथा मुलींना परावलंबी करते. कुणीतरी येईल, आपल्यावर प्रेम करील आणि मग आपलं आयुष्य सुरू होईल, ही आशा ती त्यांच्या मनात पेरते.

आरोप सरसकट आहे. त्याला तितकंच सरसकट उत्तर देणं सोपं आहे, पण त्यानं कुणाचंच समाधान होणार नाही. त्यापेक्षा एकच चित्रपट घ्यावा, आणि तोही असा की फिर्यादीला त्याहून सोयीचा आरोपी सापडू नये. २००६च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘अ‍ॅक्वामरीन’ अगदी तसा आहे. त्यात जलपरी आहे. किनाऱ्यावरचा देखणा जीवरक्षक आहे. मनःस्थितीप्रमाणे रंग बदलणारी नखं आहेत, घालणारीच्या कानात सतत तिची तारीफ करणारे जिवंत तारामाशांचे कानातले आहेत, मॉलमधली खरेदी आहे, नाक उडवणारी श्रीमंत मुलगी आहे. मुख्य भूमिकांपैकी एकीत तेव्हाची किशोरवयीन पॉप गायिका जोजो आहे. पोस्टर पाहूनच निकाल देऊन टाकावा असा सगळा सरंजाम. वकीलपत्र घ्यायचं तर याचंच.

आधी हकिगत. अ‍ॅलिस हॉफमन यांच्या २००१च्या छोटेखानी बालकादंबरीवरून हा चित्रपट बऱ्याच सैल हातानं बेतलेला आहे. दिग्दर्शिका एलिझाबेथ अ‍ॅलन. पूर्ण लांबीचा हा तिचा पहिलाच चित्रपट. पटकथा जॉन क्वेंटन्स आणि जेसिका बेंडिंगर यांची. बेंडिंगर हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. चीअरलीडर मुलींवरचा ‘ब्रिंग इट ऑन’ (२०००) तिनंच लिहिला होता, आणि त्या उड्या-टाळ्यांच्या चित्रपटात श्रीमंत गोऱ्या मुलींच्या संघानं कृष्णवर्णीय मुलींच्या संघाच्या कवायती चोरून बक्षिसं मिळवल्याची गोष्ट तिनं बिनबोभाट घुसवली होती. हलक्या डब्यात जड माल भरायची या बाईंना सवय होती, एवढंच इथे नोंदवून ठेवू.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं एक गाव. क्लेअर आणि हेली या जिवलग मैत्रिणी, वय तेरा-चौदा. क्लेअरचे आईवडील पाण्यात बुडून गेलेले. ती आजी-आजोबांकडे राहते. त्यांचा किनाऱ्यावर क्लब आहे, पण नात पाण्यात पाऊल टाकत नाही. हेलीची आई सागरी जीवशास्त्रज्ञ. तिला ऑस्ट्रेलियात काम मिळालंय, त्यामुळे उन्हाळा संपता संपता मायलेकी तिकडे जाणार आणि ही मैत्री तुटणार. अशात एका वादळी रात्री क्लबच्या पोहण्याच्या तलावात जलपरी येऊन पडते. ती घरातून पळालेली आहे. बापानं तिचं लग्न परस्पर ठरवलंय. प्रेम-बिम काही नसतं, असं त्याचं ठाम मत. असतं म्हणत असशील तर तीन दिवसांत सिद्ध करून दाखव, अशी त्याची अट. जलपरीला मदत करणाऱ्याला एक वर मिळतो. दोघी मैत्रिणींना तो वर हवाय, म्हणजे हेलीचं जाणं रद्द करता येईल. म्हणून त्या तिला जीवरक्षक रेमंडच्या प्रेमात पाडण्याच्या, खरं तर रेमंडला तिच्या प्रेमात पाडण्याच्या, उद्योगाला लागतात.

इथपर्यंतचं ऐकून फिर्यादी खूश होईल. बघा, शेवटी सगळं एका मुलाभोवतीच! पण एक बारकावा त्याच्या नजरेतून सुटतो. रेमंड क्लेअर आणि हेलीलाही आवडत असतो. अख्खा उन्हाळा दोघींनी त्याला लांबून न्याहाळण्यात घालवलेला असतो. तरी त्या दोघींत त्याच्यावरून कधी वितुष्ट येत नाही, आणि मैत्री वाचवण्यासाठी तो मुलगा तिसरीच्या पदरात घालायची वेळ येते तेव्हा दोघी हसतहसत तयार होतात. दोन मैत्रिणी आणि एक मुलगा दिसला की तिसऱ्या रिळापर्यंत त्यांना एकमेकींच्या झिंज्या धरायला लावणं ही चित्रपटांची जुनी खोड. या ‘उथळ’ चित्रपटाला ती सुचतसुद्धा नाही. मुलगा ही दोघींच्या लेखी गमतीची गोष्ट आहे. मैत्रीशी तिची बरोबरी होऊ शकते हे त्यांच्या मनातही येत नाही.

आता निकालाचा क्षण. मुदत संपत आलीय. जलपरी रेमंडला सरळ विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? आणि रेमंड हो म्हणत नाही. ती त्याला मनापासून आवडते, पण ओळख होऊन दोन दिवस झालेत. एवढ्यात प्रेम आहे असं तो सांगू शकत नाही. याच सुमारास खलनायिका सिसिलिया तिला धक्क्यावरून पाण्यात ढकलते, सगळ्यांसमोर तिची शेपटी उघडी पडते, वादळ उठतं आणि बाप तिला परत ओढून न्यायला लागतो. तेव्हा पाण्यात उड्या कोण टाकतं? हेली. आणि तिच्यामागून क्लेअर, जी आईवडील गेल्यापासून पाण्याला भीत आलेली आहे. ज्या वरासाठी हा सगळा खटाटोप केला तो तिच्यासाठी खर्चून टाकायला दोघी तयार होतात. बाप मागत होता तो पुरावा हाच. वादळ शमतं.

फिर्यादीनं हा शेवट नीट वाचावा. बापानं अट घातली तेव्हा प्रेम म्हणजे पुरुषाचं प्रेम हे त्यानं गृहीत धरलं होतं. मुलीनंही तेच गृहीत धरलं होतं. मदतीला आलेल्या दोघींनीही. चित्रपट सुरू झाल्यापासून आपणही तेच धरून बसलेलो असतो, कारण प्रेमकथेचा साचा आपल्याला पाठ असतो. पटकथेनं त्या पाठांतराचाच फायदा घेतलाय. दीड तास ती प्रेक्षक मुलीला रेमंडकडे बघायला लावते आणि शेवटी दाखवते की जे सिद्ध करायचं होतं ते केव्हापासून पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उभं होतं. ‘राजपुत्राची वाट बघू नका’ असं सांगणारी शंभर भाषणं तेरा वर्षांच्या मुलीला ऐकवता येतील. ती जांभया देईल. इथे वाट बघण्याची सगळी मजा घेऊन झाल्यावर ती स्वतःच त्या निष्कर्षाला येते.

रेमंडच्या नकाराबद्दलही दोन शब्द. तो दगाबाज ठरत नाही आणि ती मूर्ख ठरत नाही. शेवटी तो येतो, तुला आणखी ओळखायला आवडेल म्हणतो, चुंबनही होतं, मग ती आपल्या घरी परतते. लग्न नाही, ‘पुढे सुखानं नांदू लागले’ नाही. ‘आवडतेस, पण अजून सांगता येत नाही’ म्हणणारा मुलगा खोटारडा नसतो आणि असं उत्तर आल्यानं जगबुडी होत नाही, हे त्या वयात कळणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या गंभीर, वास्तववादी म्हणवणाऱ्या किती प्रेमकथांनी ते सांगितलंय? आपल्याकडे नकार म्हणजे एक तर नायकानं पुढच्या तीन गाण्यांत मोडून काढायचा अडथळा, नाही तर सूडाची नांदी.

यावर शहाणा फिर्यादी म्हणेल, ठीक, पण यात खोली कुठेय? जलपरीची गोष्टच सांगायची तर अँडरसन आहे. तिकडे चला.

जरूर जाऊ. हान्स क्रिस्टियन अँडरसनची जलपरीची कथा १८३७ची. तिच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण मुलींच्या हाती काय द्यावं या कसोटीवर ती गोष्ट तपासायची असेल तर तीत काय आहे तेही मोकळेपणानं बोलू. माणसांत जायचं म्हणून जलपरी चेटकिणीला आपली जीभ कापून देते. पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखं. त्या वेदनेत ती राजपुत्रासमोर नाचते. तो तिला आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. मग तो दुसरीशी लग्न करतो, आणि ही समुद्राचा फेस होते. तिला नुसता राजपुत्र नको असतो, अमर आत्माही हवा असतो, हे खरं. शेवटी हवेच्या कन्यांमध्ये जाऊन तीनशे वर्षांच्या सत्कर्मांनी तो मिळवण्याची आशा तिला दिली जाते, हेही खरं. पण पृथ्वीवर तिच्या वाट्याला जे येतं ते मुक्यानं सोसणं. कोपनहेगनच्या बंदरात १९१३पासून तिचा कांस्यपुतळा बसलाय आणि जग त्याच्यासमोर फोटो काढतं. ती तिथेही काही बोलत नाही.

डिस्नेनं १९८९ साली हीच गोष्ट घेतली, मरण काढून टाकलं, पण आवाजाचा सौदा तसाच ठेवला. एरियल आपला आवाज चेटकिणीला देते आणि तिसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताआधी राजपुत्राचं चुंबन मिळवण्याची तिच्यावर सक्ती होते. ‘अ‍ॅक्वामरीन’च्या लेखकांनी तीन दिवसांची मुदत उचलली आहे ती बहुधा इथूनच. मात्र तो सौदा त्यांनी उचलला नाही. त्यांच्या जलपरीला पाय फुकट मिळतात. कोरडी झाली की पाय, भिजली की किंवा सूर्य मावळला की शेपटी. वेदना नाही, चेटकीण नाही, काही कापून द्यायचं नाही. आणि जीभ? ती अखंड चालू असते. ही मुलगी पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत बोलते, भलतंसलतं विचारते, मोठ्यानं हसते, चुकीच्या वेळी खरं बोलून बसते. रेमंडनं तिला पसंत केलं असेल तर ती गप्प असताना नव्हे, बडबडत असताना.

आता समुद्रातून आलेल्या प्रेमाच्या ज्या कथांना प्रौढांनी मान दिला त्या आठवा. १९८४च्या रॉन हॉवर्डच्या ‘स्प्लॅश’मध्ये डॅरिल हॅनाची जलपरी न्यूयॉर्कला येते तेव्हा तिला भाषाच येत नसते, दुकानातल्या टीव्हीसमोर बसून ती इंग्रजी शिकते. तोवर ती नुसती सुंदर, मुकी आणि नायकाला वाहिलेली. प्रौढ पुरुषाचं हे हलकंफुलकं स्वप्नरंजन, आणि त्याच्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. गिएर्मो देल तोरोच्या ‘द शेप ऑफ वॉटर’ला (२०१७) तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तिथे जलचर पुरुष आहे आणि त्याच्यावर जीव जडवणारी बाई बोलू शकत नाही. ती खुणांच्या भाषेत व्यक्त होते, फार देखणेपणानं होते, आणि दोन्ही चित्रपट मला आवडतात. तरीही नोंद करण्याजोगी गोष्ट ही, की पाण्याकाठच्या या सगळ्या प्रेमकथांत बाईच्या ओठांवर कुठे ना कुठे कुलूप आहे आणि त्या सगळ्या आदरणीय मानल्या जातात. जिच्या ओठांवर कुलूप नाही, तिला आपण बालिश म्हणतो.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. सोसणारी मुलगी आपल्याला खोल वाटते, खिदळणारी उथळ. पोरसवदा मुलींचं हसणं, त्यांच्या मैत्रिणी-मैत्रिणींच्या गप्पा, त्यांची नखं आणि कानातले यांना आपण आधीच क्षुद्र ठरवून ठेवलंय. मग त्याच सामानातून घडवलेली गोष्ट क्षुद्र ठरणारच. ‘बिग’चं उदाहरण घ्या. १९८८च्या या चित्रपटात बारा-तेरा वर्षांचा मुलगा जत्रेतल्या यंत्राकडे मोठं व्हायचा वर मागतो आणि रातोरात तिशीतला होतो. टॉम हँक्सला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पटकथेलाही मिळालं. २००४ साली ‘थर्टीन गोइंग ऑन थर्टी’ आला. तीच कल्पना, फक्त तेरा वर्षांची मुलगी, आणि जेनिफर गार्नरचं काम असं की मोठ्या बाईच्या अंगात वावरणारं पोर क्षणभरही दृष्टीआड होत नाही. तिच्या वाट्याला मात्र ‘मुलींचा गोड सिनेमा’ एवढंच बिरुद आलं. मुलाचं स्वप्न म्हणजे माणसाच्या बाल्याचं रूपक, मुलीचं स्वप्न म्हणजे खूळ: हा तराजू आधी तपासायला हवा.

दुसरा आरोप स्वप्नरंजनाचा. जादूच्या गोष्टी मुलींना वास्तवापासून पळवतात, म्हणून त्यांना ‘खऱ्या जगातले’ चित्रपट दाखवा. पण ‘अ‍ॅक्वामरीन’मध्ये जादू नेमकी कशावर चालते ते पाहा. एक पोरकी मुलगी आहे, जिला आईवडिलांच्या मृत्यूबद्दल बोलता येत नाही आणि म्हणून पाणी बघवत नाही. दुसरी मुलगी एकट्या आईबरोबर वाढतेय. आईच्या नोकरीपायी आपली दुनिया मोडणार याचा तिला राग आहे आणि तो राग स्वार्थी आहे हेही तिला उमगतंय. या दोन्ही गोष्टी खऱ्या जगातल्याच आहेत आणि त्या वयाला भयंकर जड आहेत. जलपरी त्या मिटवायला येत नाही. तिच्याकडचा वर ही हेलीला दिलेली परीक्षा आहे: आता तुझ्या हातात आहे, आईचं काम थांबवतेस का? आणि मुली तो वर त्यासाठी वापरत नाहीत. आईला या संधीचं मोल किती आहे ते हेलीला कळतं आणि ती ऑस्ट्रेलियाला जायला तयार होते. मैत्रीण मागे राहते. जादू हाताशी असून ती न वापरणं, यापेक्षा वास्तवाशी प्रामाणिक शेवट मुलांच्या चित्रपटात मला तरी चटकन आठवत नाही. शिवाय हे सगळं एका आईच्या करिअरसाठी घडतं, आणि चित्रपट त्या आईला एका शब्दानं बोल लावत नाही.

तिसरा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. मॉल, मेकअप, मासिकांतल्या मुलं पटवायच्या क्लृप्त्या: हे सगळं या चित्रपटात आहे आणि ते मजेत दाखवलंय. मुली मासिकांचा गठ्ठा घेऊन बसतात आणि त्यातल्या युक्त्या जलपरीला शिकवतात. त्या युक्त्यांची थट्टा होते हे खरं, पण ज्या बाजारपेठेची ती थट्टा आहे तिच्याच मदतीनं हा चित्रपट विकला गेला हेही खरं. सिसिलिया निव्वळ ठोकळेबाज आहे; श्रीमंत, मत्सरी, बाप टीव्हीवर हवामान सांगणारा म्हणून तोरा मिरवणारी. मैत्रीवर इतकं समजुतीनं लिहिणाऱ्या लेखकांनी या चौथ्या मुलीच्या मनात डोकावायची तसदी घेतली नाही. रेमंडही देखणा आणि भला, यापलीकडे जात नाही. मुख्य तिघी गोऱ्या, सडपातळ, नितळ कातडीच्या. यावर टीका व्हायलाच हवी. पण ती टीका चित्रपट पाहून करायची असते, आणि प्रकाराचा प्रकारच मोडीत काढण्यासाठी ती पुरत नाही. पुरुषांच्या मारधाडपटात याच्या दसपट बाजार असतो. तिथे आपण पडलेल्या चित्रपटाला नावं ठेवतो, मारधाडपट बघणाऱ्यांच्या अकलेला नाही.

आणि जे झालंय ते जमेलाही धरावं. चित्रीकरणाच्या वेळी क्लेअर झालेली एमा रॉबर्ट्स आणि हेली झालेली जोजो दोघीही चौदाच्या आसपास होत्या. जलपरी झालेली सारा पॅक्स्टन जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. हॉलिवूडमध्ये शाळकरी पोरींची कामं पंचविशीतल्या नट्यांना देण्याची रीत जुनी, आणि त्या नट्यांच्या बांध्याशी आपला बांधा ताडून खऱ्या शाळकरी पोरी झुरतात ही तक्रारही तेवढीच जुनी. इथे दोन मैत्रिणी त्यांच्या वयाच्या दिसतात. त्यांचं आखडणं, एकदम बेभान हसू फुटणं, पोहायच्या कपड्यांवर ढगळ काहीतरी चढवून फिरणं हे कुठून शिकून आलेलं नाही.

आपल्याकडे हा विषय परका आहे का? बाप स्थळ पक्कं करून मोकळा होतो, प्रेम सिनेमात असतं म्हणून मुलीला गप्प करतो आणि तिला फार तर चार दिवस विचार करायला देतो, हे समुद्राच्या तळाचं दृश्य मराठी मुलीला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. तिला त्यातलं वेगळेपणही लगेच कळेल: ही मुलगी बापाला उत्तर देण्यासाठी कुणाबरोबर पळून जात नाही. ती त्याचा युक्तिवाद खोडते आणि मग ताठ मानेनं घरी जाते. मराठी चित्रपटांनी कोवळ्या वयातल्या प्रेमावर उत्तम काम केलंय, पण ते बहुतेक मुलाच्या डोळ्यांतून. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’ जोशीचा आहे, ‘फँड्री’ जब्याचा, ‘टाइमपास’ दगडूचा. मुली त्यांत दिसतात, हसतात, निघून जातात. त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज मुलांनी बांधायचा आणि मुलांबरोबर आपण. बाईच्या मनातलं ऐकू येण्याची गंमत मराठीत केली गेली तीही २००४च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये, आणि ते ऐकण्याचं वरदान लाभलं पुरुषाला. तेरा वर्षांच्या मुलीला केंद्रस्थानी ठेवून, तिच्या मैत्रिणींसकट, तिच्या विनोदबुद्धीसकट, थोड्या जादूनं रंगवलेली मराठी प्रेमकथा शोधायला निघालो तर हाती फारसं काही लागत नाही. जिथे पाकच झालेला नाही, तिथे साखर जास्त झाल्याची तक्रार करण्यात काय अर्थ?

राहता राहिला हलकेपणा. गंभीर आशय असेल तर तो गंभीर चेहऱ्यानं यावा, ही आपली समजूत तमाशाच्या वगापासून पु. लं.पर्यंतची आपलीच परंपरा खोटी ठरवते. गवळणीत पेंद्या आणि मावशी जे बोलून जातात ते देवळातल्या प्रवचनात कुणी बोलू शकलं नसतं. ‘अ‍ॅक्वामरीन’चा हलकेपणा त्याच उपयोगाचा आहे. आईवडिलांचा मृत्यू, मोडणारी मैत्री, बापाची हुकमत, मुलाचा नकार: एवढी चार ओझी तेरा वर्षांच्या प्रेक्षकाच्या खांद्यावर एकदम ठेवायची तर मधूनमधून बोलणारे तारामासे लागतात. ते काढून टाका, म्हणजे मोठ्यांचं समाधान होईल आणि मुली चित्रगृहातून उठून जातील.

तेव्हा फिर्यादीकडे माझं मागणं एवढंच आहे. मुलींच्या चित्रपटांवर कडक टीका करा, पण नावानिशी करा. अमुक चित्रपटातली मुलगी शेवटी काय निवडते, कुणाच्या सांगण्यावरून निवडते, तिची मैत्रीण शेवटपर्यंत उरते की मुलगा येताच गळून पडते, नकार मिळाल्यावर तिचं काय होतं, हे प्रश्न विचारा. अनेक चित्रपट त्यांत साफ नापास होतील आणि त्यांची बाजू घ्यायला मी येणार नाही. ‘अ‍ॅक्वामरीन’ पास होतो. तो थोर नाही. बेतशीर, काही ठिकाणी बेंगरूळ, पण मुद्द्याचा पक्का चित्रपट आहे. आणि हे चारच प्रश्न घेऊन आपण ज्यांना अभिजात म्हणून मुलींपुढे ठेवतो त्या प्रेमकथाही एकदा तपासा. तिथे नापासांची यादी बरीच लांबेल.